मृत्यूचा दाखला हातात आला म्हणजे सगळीकडे कळवून झालं असं नाही

सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या फिरणारा मजकूर असा: ‘आता सगळं आधारला जोडलेलं आहे. नाव-पत्ता आधारवर बदला, बाकी सगळीकडे आपोआप बदलतो. घरात कोणी वारलं तर दवाखाना नोंद करतो, घरच्यांनी कुठेही कळवायची गरज नाही. 21 दिवस उलटले तर कोर्टातच जावं लागतं. लग्नानंतर आडनाव बदललं नाही तर कागद बाद होतात. गूगलवर पहिली येईल ती सरकारी वेबसाइट.’ आतोबा गेल्यानंतर हा मजकूर आत्याकडे आला आणि तिने कागदांची फाइल कपाटात ठेवून दिली. म्हणून मृत्यूच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते.

दवाखाना नोंद करतो, एवढं खरं. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 प्रमाणे रुग्णालयातला मृत्यू रुग्णालयाने कळवायचा, घरातला कुटुंबप्रमुखाने. पुणे शहरात ही नोंद महापालिकेच्या निबंधकाकडे होते. 2023 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, जन्म-मृत्यूंच्या राष्ट्रीय माहितीसाठ्याची तरतूद आली, आणि तो मंजुरी घेऊन मतदार यादी, आधार, रेशनकार्ड यांसाठी पुरवता येतो. अफवेचं मूळ बहुधा इथेच आहे. पण त्यामुळे घर, गाडी किंवा बँकेतलं खातं वारसांच्या नावावर होत नाही. सगळं आपोआप होत असतं, तर आधार प्राधिकरणाने 2025 मध्ये कुटुंबातल्या व्यक्तीचा मृत्यू कळवण्याची वेगळी सोय मायआधार पोर्टलवर कशाला दिली असती?

मृत्यूची नोंद झाल्यावर आधी गाडी, कारण पुढच्या कामांत तिथली मुदत सगळ्यात लवकर संपते. केंद्रीय मोटार वाहन नियम 56 प्रमाणे मालक वारल्यापासून 30 दिवसांत आरटीओला कळवलं, तरच वारसाला ती गाडी 3 महिने वापरता येते. त्याच 3 महिन्यांत फॉर्म 31 भरून नाव बदलायचं. विमा कंपनीलाही लगेच कळवा. पुढे अपघात झाला आणि कागदावर अजून वारलेल्या माणसाचंच नाव असलं, तर दाव्यात अडचण येते.

घराचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं, कारण एकाच घराच्या नोंदी वेगवेगळ्या कार्यालयांत असतात. सोसायटीतला फ्लॅट असेल तर शेअर सर्टिफिकेट सोसायटीकडे आणि मिळकतकराचं नाव महापालिकेच्या कर आकारणी विभागात. बंगला असेल तर मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयात. गावाकडे जमीन असेल तर सातबाऱ्यावर वारस नोंद तलाठ्याकडे, तीही 3 महिन्यांत कळवायची. नोंदणीकृत खरेदीखत असेल तर तलाठ्याला वेगळं कळवावं लागत नाही, पण वारसाहक्काला ही सवलत नाही. मिळकतकराच्या बिलावर नाव आलं म्हणजे मालकी लागली असंही समजू नका. ते बिल फक्त कर कोणी भरायचा एवढंच सांगतं. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव असलं तरी मालकी वारसांचीच राहते.

पेन्शन येत असेल तर बँकेला ताबडतोब कळवा. मृत्यूनंतर जमा झालेली रक्कम परत वसूल होते, आणि कुटुंब निवृत्तीवेतनाचा अर्ज वेगळा करावा लागतो. भविष्य निर्वाह निधीची पेन्शन असेल तर त्यासाठी फॉर्म 10 डी.

या सगळ्यात कामं अडतात ती बहुतेक नावापायी. दाखल्यावर ‘दत्तात्रय’ आणि सातबाऱ्यावर ‘दत्तू’ असलं की प्रत्येक खिडकीवर दोन्ही माणसं एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र मागतात. म्हणून रुग्णालयातला अर्ज भरतानाच नाव आधार आणि मालमत्तेच्या कागदांशी ताडून पाहा. चूक राहिलीच, तर जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम 15 खाली निबंधक दुरुस्ती करू शकतो.

21 दिवसांचं म्हणाल तर ती मृत्यू कळवायची मुदत आहे. ती उलटली तरी मृत्यूपासून 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते, एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाच्या लेखी परवानगीने, आणि त्यापुढे जिल्हा, उपविभागीय किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने, म्हणजे कोर्टाच्या नव्हे. वकील लावायची घाई नको.

आधारवर पत्ता बदलल्याने मतदार यादी बदलत नाही. कोथरूडहून हडपसरला गेलात तर फॉर्म 8 तुम्हालाच भरायचा आहे, वारलेल्याचं नाव काढायला फॉर्म 7. पॅनचा अर्ज वेगळा, पासपोर्टसाठी पुन्हा जारी करण्याचा अर्ज वेगळा. डिजिलॉकर कागद दाखवतो, बदलत नाही.

लग्नानंतर आडनाव बदलण्याची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही. बदलायचंच असेल तर आधी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून विवाह नोंदणी प्रमाणपत्र घ्या. आधार, पॅन आणि पासपोर्टला सहसा तेच पुरतं, राजपत्रात नावबदल छापून आणायला एजंटला पैसे देऊ नका.

आणि गूगलवर सगळ्यात वर बऱ्याचदा जाहिरात असते. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ आहे का ते बघा. प्रत्येक खऱ्या सेवेला हे लागू नाही: पॅनचे अर्ज प्रोटिअन आणि यूटीआयआयटीएसएल या कंपन्या घेतात, महावितरणचा पत्ताही वेगळा आहे. तिथे पोहोचायचं ते खात्याच्या मूळ संकेतस्थळावरच्या दुव्यावरून. राज्याच्या सेवा ‘आपले सरकार’ पोर्टलवर कागदपत्रं आणि मुदतीसकट दिलेल्या आहेत. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही, तर लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. त्यासाठी अर्जाची पोच जपून ठेवा.