जग सुधारायचंय? आधी पिट्सबर्गला घर बघा

जगाची अर्थव्यवस्था सुधारावी असं तुम्हाला मनापासून वाटतं ना? मग ते जाडजूड अहवाल वाचणं आजपासून बंद. अर्थशास्त्राची पदवी असेल तर चौकट करून भिंतीला लावा, आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, शक्यतो पोलादाच्या पिट्सबर्गच्या आसपास, घर बघा. नागरिकत्व, मतदारयादी वगैरे किरकोळ गोष्टी तुमच्या तुम्ही उरका.

तिथं काम एकच: मत कुणाला द्यायचं ते ठरवायचं नाही. कुणी विचारलंच तर मुलगी बघून निघालेली मंडळी 'कळवतो' म्हणतात, त्या सुरात 'बघू' म्हणायचं. अमेरिकेचा अध्यक्ष व्हायला ५३८ पैकी २७० निर्वाचक मतं लागतात. ही मतं राज्यांना वाटून दिलेली, आणि बहुतेक राज्यांत जो जिंकेल त्याला राज्याची सगळी. त्यातली १९ तुमच्या राज्याची. कॅलिफोर्नियाची ५४ आहेत, पण तिथली मंडळी केव्हाच ठरवून बसलेली. ठरवलेल्या माणसाला कोण विचारतो?

अध्यक्ष असलेल्या धाकट्या बुशसाहेबांचं बघा. खुल्या व्यापाराचे निस्सीम भक्त. मार्च २००२ मध्ये त्यांनी परदेशी पोलादावर ३० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क बसवलं. एकादशी अन् दुप्पट खाशी! पोलादाचे कारखाने नेमके पेनसिल्व्हेनिया, ओहायो, वेस्ट व्हर्जिनियात होते, हा निव्वळ योगायोग. जागतिक व्यापार संघटनेनं हे बेकायदा ठरवलं. पण खरा अभ्यास केला युरोपियन महासंघानं. त्यांनी कशावर उलट शुल्क लावायचं त्याची यादी काढली, आणि त्यात फ्लोरिडाची संत्री घातली. फ्लोरिडा बुश २००० साली ५३७ मतांनी जिंकले होते. डिसेंबर २००३ मध्ये पोलादावरचं शुल्क गेलं. ग्रंथ नकोत, नकाशा पाठ करा, म्हणतो ते यासाठी.

जपानी लोकांनी नकाशा पाठ केला नसावा. निप्पॉन स्टीलनं पिट्सबर्गची यू. एस. स्टील सुमारे १५ अब्ज डॉलरला मागितली आणि वर्ष निवडणुकीचं निघालं. बायडेन, हॅरिस, ट्रम्प हे तिघं आकाश निळं आहे यावरही एकमत करणार नाहीत, पण इथं तिघांचाही विरोध! जानेवारी २०२५ मध्ये बायडेन यांनी जाता जाता सौदा अडवला. जूनमध्ये ट्रम्प यांनी, काही अटी घालून का होईना, मंजूर केला. तोवर मतमोजणी होऊन गेली होती.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतून सुधारणा करू म्हणाल, तर जरूर करा. मोठ्या बदलाला ८५ टक्के मतं लागतात आणि अमेरिकेकडे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आहेत. बेरीज तुम्हीच करा. २०१० साली ठरलेल्या कोटा-सुधारणेला (म्हणजे निधीत कुठल्या देशाचा वाटा किती, त्या फेरवाटणीला) अमेरिकी काँग्रेसनं डिसेंबर २०१५ मध्ये मान्यता दिली. सुधारणा चांगली मुरू द्यावी, लोणच्यासारखी.

आता एवढं स्थलांतर जमत नसेल तर घरबसल्या उपाय आहे. २०१६ साली दिल्लीत जंतरमंतरवर ट्रम्प निवडून यावेत म्हणून होम झाला होता. होम पावला, ते पेनसिल्व्हेनियासकट जिंकले. प्रसाद तेवढा उशिरा पोचला, ऑगस्ट २०२५ मध्ये: भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क. तेव्हा पुढच्या वेळी गुरुजींना सांगून संकल्पातच टक्केवारी स्पष्ट उच्चारून घ्या.