आमचं ऐकलं जातं, हीच तर पंचाईत आहे

हे लिहितोय २०२५ च्या ऑगस्टअखेरीस. परवा मेलबर्नच्या टार्नीट उपनगरात एका मित्राकडे गणपतीला गेलो होतो. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, हातात मोदकाची वाटी आली आणि पाचव्या मिनिटाला हॉलमध्ये आमच्या फूटी क्लबचा कोच मायकल व्हॉस याला काढायचं की ठेवायचं हा विषय निघाला. दहाव्या मिनिटाला आवाज चढले. मित्राच्या आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्यात, त्या घाबऱ्याघुबऱ्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काय रे, कोण गेलं?"

"अजून कुणी गेलं नाही काकू," मित्र म्हणाला. "तेच तर दुखणं आहे."

तो वाद तिथे अर्धवट राहिला म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा. फूटी माहीत नसलेल्या गावाकडच्या मंडळींसाठी दोन ओळी: ऑस्ट्रेलियन रूल्स फूटबॉल हा क्रिकेटच्या भल्यामोठ्या अंडाकृती मैदानावर, लंबगोल चेंडूने, एका बाजूला अठरा असा खेळायचा खेळ. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोघांतून लाथेने चेंडू गेला की गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला की बिहाइंड, एक गुण. म्हणजे चुकलात तरी पदरात काहीतरी पडतं. माझा क्लब कार्लटन. आमच्या पदरात हे 'काहीतरी'च फार पडतं.

कार्लटनच का, तर २०१२ च्या जुलैमध्ये शिकायला आलो तेव्हा ज्या खोलीत राहिलो तिथून क्लबचं मैदान, प्रिन्सेस पार्क, चालत सात मिनिटांवर होतं. बस, एवढंच. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर फूटबॉलला कुणासाठी ओरडायचं हे तुम्ही कुठल्या पेठेत जन्मलात त्यावर ठरतं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस... माझी तालीम कुठली ते इथे लिहीत नाही, कमेंटमध्ये दंगा नको. पण लहानपणी एक गोष्ट पक्की शिकलो होतो, की टीम बदलायची नसते. कोच बदलतो हे मात्र मेलबर्नला आल्यावर कळलं, आणि इतक्या वेळा बदलतो हे कळायला पुढची नऊ वर्षं गेली.

हिशेब बघा. मी उतरलो तेव्हा कोच ब्रेट रॅटन. क्लब गाळात असताना त्याने हातात घेतला आणि २००९, २०१०, २०११ अशी सलग तीन वर्षं फायनल्समध्ये, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेरीत, नेला. २०११ मध्ये पर्थला जाऊन सेमीफायनल फक्त तीन गुणांनी हरला. २०१२ मध्ये दहावा नंबर आला. माझ्या बॅगेतलं लोणचं संपलं नव्हतं तोवर, ऑगस्टअखेरीस, त्याला नारळ दिला. करार अजून वर्षभर बाकी होता. ग्रंथालयातल्या एका गोऱ्या पोराने मला समजावलं होतं, "आता बघ, मोठा माणूस येतोय."

मोठा माणूस आला. मिक माल्टहाउस, तीन फ्लॅग जिंकलेला. (फ्लॅग म्हणजे अजिंक्यपद. इथे 'कप' कमी, 'फ्लॅग' जास्त म्हणतात.) २०१५ च्या मे महिन्यात त्याने सगळ्यात जास्त सामन्यांत कोच राहण्याचा जॉक मॅकहेलचा ७१४ चा विक्रम मोडला. त्याच महिन्यात त्याला काढला. सकाळी रेडिओवर मन मोकळं करून आला आणि त्याच दिवशी खुर्ची गेली. त्या वर्षी आम्ही तळाला, म्हणजे वूडन स्पून.

मग ब्रेंडन बोल्टन. सगळं मुळापासून बांधू म्हणाला, आम्हीही बांधू म्हणालो. २०१८ मध्ये अख्ख्या वर्षात दोन सामने जिंकलो, पुन्हा तळाला. २०१९ च्या जूनमध्ये तोही गेला. ७७ सामन्यांत १६ विजय, त्याला वाचवायला मीही कुठे गेलो नव्हतो.

त्यानंतरचा किस्सा मला सगळ्यात जास्त टोचतो. डेव्हिड टीग हा तात्पुरता कोच. उरलेल्या अकरांपैकी सहा सामने जिंकले आणि आम्ही पब्लिक वेडे झालो. 'टीग ट्रेन' म्हणून घोषणा, गाणी, टोप्या. मी स्वतः ट्राममध्ये अनोळखी माणसाला टाळी देऊन 'टीग ट्रेन' ओरडलोय. क्लबने आमचा आवाज ऐकला आणि त्याला कायम केलं. दोन वर्षांनी, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, आम्हीच ती ट्रेन यार्डात लावली. बाहेरची समिती बसवून अहवाल वगैरे झाला, पण लाकडं आम्ही आधीच रचून ठेवली होती.

नऊ वर्षांत चार कोच गेले, मग हा व्हॉस आला. आमच्या घरात तेवढ्या काळात एक मिक्सर बदलला, आणि त्याचंही नुसतं भांडं.

आता काल फॅन्सच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "क्लबला फॅन्सची पर्वाच नाही." अहो, माझी तक्रार नेमकी उलटी आहे. या क्लबला आमची जरा जास्तच पर्वा आहे. क्लब मेंबरांचा, बोर्ड मेंबरांनी निवडलेलं. रेडिओवर दिवसभर फोन लागतात, वर्तमानपत्राचं मागचं पान आमचंच. आम्ही दर तीन-चार वर्षांनी एकच गोष्ट मागतो, डोकं द्या. आणि क्लब देतो. १९९५ पासून, सोळाव्या फ्लॅगनंतर, आम्हाला डोकी मिळत गेली आणि सतरावा फ्लॅग राहून गेला.

मी साळसूद आहे असं समजू नका. २०२३ च्या जूनची गोष्ट. सलग सहा हरलो, अठरा टीममध्ये पंधरावे. एसेंडनकडून मार खाऊन परत येताना सदर्न क्रॉस स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभा राहून मी याच वॉलवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'व्हॉस आउट' लिहिलं होतं. ब्याण्णव लाइक आले, माझ्या लग्नाच्या फोटोलाही एवढे नव्हते. त्यानंतर हा पठ्ठ्या सलग नऊ सामने जिंकला. दहा वर्षांनी फायनल्स. सिडनीविरुद्ध एमसीजीवर ९२ हजार लोक, सहा गुणांनी जिंकलो. पुढच्या आठवड्यात मेलबर्नविरुद्ध ब्लेक एकर्सने शेवटच्या मिनिटाला गोल मारला, दोन गुणांनी जिंकलो, आणि मी शेजारच्या बाईच्या चिप्स हवेत उडवल्या. ब्रिस्बेनला प्रिलिमिनरी फायनल, म्हणजे अंतिम सामन्याच्या आधीचा सामना, हरलो तिथे स्वप्न थांबलं. ती जुनी पोस्ट मी कधीच डिलीट केली होती, पण स्क्रीनशॉट माझ्या मित्रांकडे आहे आणि परवा मोदक खाताना तोच बाहेर निघाला.

म्हणून मी व्हॉसचा वकील झालोय असं मित्राचं म्हणणं. तसं नाही. या वर्षी, २०२५ ला, २३ पैकी नऊ जिंकलो, अकरावे आलो, हे काही कौतुक नाही. आणि पहिल्याच सामन्यात जे झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

मार्चमधली गुरुवार रात्र, रिचमंडविरुद्ध. रिचमंड म्हणजे या वर्षी सगळ्यांनी तळाला लिहून ठेवलेली टीम, निम्मी पोरं कोवळी. दुसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही ४१ गुणांनी पुढे. माझ्या शेजारच्या सीटवर एक म्हातारबा असतात, निळ्या विणलेल्या मफलरवर जुन्या बॅजेसची रांग, कानात रेडिओची एक पिन. आमची ओळख थालीपिठामुळे झाली. बायको फॉइलमध्ये चार देते, त्यातलं एक दर वेळी त्यांचं. ते लोण्याशिवाय खातात, सांगून दमलो. तर तिसऱ्या क्वार्टरपासून आमची गाडी घसरायला लागली. मध्यभागी झटापटीत चेंडू आम्हीच जिंकत होतो, ते आमच्या टीमचं बळ आहेच. पण हातात आल्यावर पुढे काय? डोळे मिटून उंच लाथ. समोर दोन गोरिलाएवढे फॉरवर्ड आहेत, कुणीतरी झेलेल. त्यांचे तिघे आधीच तिथे उभे. चेंडू खाली पडला की रिचमंडची पोरं तो उचलून वाऱ्यासारखी पळायची. ४१ ची आघाडी वितळली आणि आम्ही तेरा गुणांनी हरलो. त्यांचा सॅम लेलर नावाचा पोरगा पहिलाच सामना खेळत होता, तोसुद्धा आमच्यावर गोल करून गेला.

लोक चौथ्या क्वार्टरमध्येच उठून जायला लागले. जाताना वर कोचच्या काचेच्या खोलीकडे हात करून शिव्या. म्हातारबा थालीपीठ चावत एवढंच म्हणाले, "यांना लाथ मारायला शिकवतं कोण?"

त्या गर्दीत हा एकच प्रश्न मला कामाचा वाटला. सहा महिने झाले, ग्रुपवर रोज शंभर मेसेज पडतात, पण 'व्हॉस हवा की नको' यापलीकडे कुणी जात नाही. फॉरवर्ड लाइनचा असिस्टंट कोच कोण, मैदानावर आघाडी घेतल्यावर चेंडू अंगाशी धरून खेळायचा सराव होतो की नाही, गेल्या पाच वर्षांत ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, चपळ पोरं सोडून आडदांडच का उचलले, हे ठरवतं कोण? ती माणसं टीव्हीवर दिसत नाहीत, त्यामुळे त्यांच्या नावाने 'आउट' लिहिता येत नाही. आमच्याकडे म्हणतात तसं, आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

रिचमंडचंच उदाहरण घ्या, आपल्याच उरावर बसलेल्यांचं. २०१६ मध्ये ते तेरावे आले, शेवटचा सामना सिडनीकडून ११३ गुणांनी हरले. डेमियन हार्डविकला काढा म्हणून शहरभर बोंब, बोर्ड उलथवायलाही एक गट उभा राहिला. क्लबने चौकशी केली आणि हार्डविकला ठेवला. पण बाकी घर धुऊन काढलं. फूटबॉल विभागाचा कारभार बघायला नील बाम आला, असिस्टंट बदलले, खेळायची पद्धत बदलली आणि हार्डविक स्वतःही बदलला. २०१७ ला फ्लॅग, ३७ वर्षांनी. मग २०१९, २०२०. २०१६ ला जे रिचमंडवाले मेंबरशिपचं कार्ड जाळायला निघाले होते, त्यांच्यापैकी एक माझ्या ऑफिसात आहे. आता त्याच्या कुत्र्याचं नाव डिमा आहे. डिमा म्हणजे हार्डविकचं टोपणनाव.

इथे मित्राने मला बरोबर पकडलं, ते कबूल करतो. तो म्हणाला, "मग कॉलिंगवूडचं काय?" २०२१ मध्ये त्यांचा नेथन बकली सीझनच्या मध्यावर पायउतार झाला. बकली म्हणजे त्यांच्याकडे देवच. टीम त्या वर्षी सतरावी आली. क्रेग मॅकरे आला आणि जवळजवळ त्याच पोरांना घेऊन दुसऱ्या वर्षी, २०२३ ला, चार गुणांनी फ्लॅग जिंकला. म्हणजे कोच बदलून चालतंसुद्धा. माझ्याकडे यावर तोडीस तोड उत्तर नाही. एवढंच म्हणेन, की मॅकरे येताना वेगळा खेळ घेऊन आला होता, आणि आमच्याकडे नवा येतो तो जुन्याच्या उरलेल्या करारासारखा येतो. नाव बदलतं, उंच लाथ तीच.

आणि याच महिन्यात मेलबर्नने काय केलं तेही बघा. सायमन गुडविनला हाकललं. ५७ वर्षांचा दुष्काळ ज्याने २०२१ ला संपवला त्याला. त्याच क्लबने १९६५ मध्ये सहा फ्लॅग जिंकून दिलेल्या नॉर्म स्मिथला काढलं होतं, चार दिवसांत परत बोलावलं, पण त्यानंतर जो फ्लॅग रुसला तो थेट २०२१ ला आला. आता ग्रँड फायनलच्या, म्हणजे अंतिम सामन्याच्या, सर्वोत्तम खेळाडूला नॉर्म स्मिथच्याच नावाचं पदक देतात. शापबिप मी मानत नाही. पण गेल्या महिन्यात सेंट किल्डाविरुद्ध शेवटच्या क्वार्टरला ४६ गुणांची आघाडी घेऊन मेलबर्न हरलं तेव्हा अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू. आणि लगेच दुसरा विचार आला, की चला, आपल्यापेक्षाही कुणीतरी आहे.

तर माझं म्हणणं. पुढच्या वर्षी, २०२६ ला, व्हॉसच असं क्लबने सांगून टाकलंय, करारही तेवढाच उरलाय. त्याला ते एक वर्ष द्या, पण फुकट देऊ नका. आघाडी घेतल्यावर टीम काय करते एवढंच मे महिन्यापर्यंत बघायचं. तीच उंच लाथ दिसली तर मी स्वतः पुन्हा मोठ्या अक्षरांत लिहीन, यावेळी मराठीत. पण त्याच पोस्टमध्ये असिस्टंटांची नावंही असतील, ड्राफ्ट करणाऱ्यांची असतील आणि बोर्डाचीही. आणि बदल्यात कोण हवा, कसला खेळ हवा, हे ज्याला सांगता येत नाही त्याने कृपया माझ्या वॉलवर आगीची इमोजी टाकू नये.

परवा मी हे सगळं असंच्या असं सांगितलं. मित्र म्हणाला, "तुझ्यासारख्या लोकांमुळेच आपण तीस वर्षं उपाशी आहोत." मी म्हणालो, "तुझ्यासारख्यांमुळे." वहिनींनी टीव्ही बंद केला. काकू इतका वेळ शांतपणे निवडत बसलेल्या भाजीतून मान वर करून म्हणाल्या, "हे बघा, रविवारी विसर्जन आहे. तोवर या घरातून कुणालाही बाहेर काढायचं नाही."