गाव सोडताना घ्यावयाची काळजी

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची तातडीची सभा झाली. पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, वेफर्स आणि अर्धा कप चहासह. विषय एकच, वॉचमनच्या खोलीत आलेले पाहुणे सोसायटीचं पाणी भरतात. पाहुणे म्हणजे वॉचमनमामांचा मेहुणा, त्याची बायको आणि दोन पोरं. पाणी म्हणजे सकाळी दोन हंडे, संध्याकाळी एक. पुरावा आदल्या रात्रीच ग्रुपवर पडला होता. सीसीटीव्हीतून काढलेला फोटो, त्यात पाठमोरी बाई, नळाखाली हिरवा प्लास्टिकचा हंडा, आणि खाली ओळ, ‘अनधिकृत पाणीवापर’. पाऊण तास चर्चा झाली. एक काकू म्हणाल्या, “या लोकांना शहरात कसं राहायचं तेच कळत नाही हो.” सगळ्यांनी माना डोलावल्या.

मला पटलं. कुणी सांगितलंच नाही तर कळणार कसं? मी स्वतः बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातून उठून आलेलो, एकोणीस वर्षांचा अनुभव गाठीशी आहे. तेव्हा पाण्यापायी गाव सोडायच्या बेतात असलेल्या माझ्या भावा-बहिणींनो, या काही सूचना नीट वाचा. पुण्यात येऊन आमची मान खाली घालायला लावू नका.

पहिलं म्हणजे, घाई करू नका. गाव नीट कोरडं होऊ द्या. तहान लागली म्हणून लगेच बोंबलायचं नसतं, आधी पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं त्याचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या आत यावी लागते. मग टंचाई आराखडा, मग प्रस्ताव, मग स्थळपाहणी, मग टँकर. टँकर आला की तो गावच्या विहिरीत रिकामा करतात आणि तुम्ही तेच पाणी परत शेंदून वर काढायचं. यामागे काय शास्त्र आहे ते विचारू नका. टँकर कधी येईल ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं, म्हणून घरातल्या एका धडधाकट माणसाने दिवसभर वाटेकडे डोळे लावून बसावं. तेवढी रोजंदारी बुडाली तर बुडू द्या, पाणी सरकारी खर्चाने फुकट मिळतंय ना?

गाव सोडण्याआधी बोअर मात्र घ्याच. एकावर भागत नाही, निदान चार-पाच. आमच्या तात्यांनी नऊ घेतले. आधी पाणाड्या आणावा. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालतो, नारळ जिथे उभा राहील तिथे पाणी. मग रात्री तामिळनाडूच्या नंबरप्लेटची गाडी येते, कॉम्प्रेसर सुरू होतो, भोकातून राखाडी भुकटी उडू लागते आणि अख्खं घर तोंडाला उपरणं लावून त्या भुकटीकडे बघत उभं राहतं. भुकटी ओली झाली की आरोळी द्यायची असते. तात्यांच्या पहिल्या आठ बोअरला आम्ही आरोळी तोंडातच धरून ठेवली. नवव्याला सातशे फुटांवर ओल लागली. तात्यांनी गाडीवाल्याला पेढे दिले. ते पाणी दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत पुरलं.

आपल्या खाली काळा पाषाण आहे. पाणी राहतं ते वरच्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत, खाली काही तळं भरून ठेवलेलं नाही. २००९ चा भूजल कायदा म्हणतो की शेतीसाठी ६० मीटरच्या खाली जाऊ नका. म्हणजे दोनशे फूट. तात्यांनी तो कायदा वाचला नव्हता, गाडीवाल्यानेही वाचला नसावा, आणि ज्यांनी वाचला होता ते त्या रात्री आमच्या रानात नव्हते. शेजारच्या आण्णांनी मग आठशे फूट घेतला, तेव्हा आमचा नववाही गेला. गावात बहात्तरच्या दुष्काळाचे म्हातारे आहेत अजून. ते सांगतात, तेव्हा खायला नव्हतं, पण विहिरीला पाणी होतं. म्हाताऱ्यांचं मनावर घेऊ नका.

जायकवाडीवर विसंबू नका. तिथे २००५ पासून कायद्याने समन्यायी पाणीवाटप आहे, म्हणजे दर टंचाईत वरचे नाशिक-नगरवाले आणि खालचे आपण समान संख्येने वकील देतो.

आणि महाराष्ट्र २०१९ साली टंचाईमुक्त झालेला आहे, हे ध्यानात असू द्या. जलयुक्त शिवाराची घोषणाच तशी होती. त्याच्या आदल्या ऑक्टोबरात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, ती किरकोळ बाब.

आता उचल, म्हणजे ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे. बोअरचं कर्ज फेडायला उचल घ्यायची आणि उचल फेडायला ऊस तोडायचा, इतकं सोपं गणित आहे. मुकादम दिवाळीच्या आधी घरी येतो, चहा पितो, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि नोटा मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं दोन, पण हिशेबात कोयता एक. एकटा गडी असेल तर अर्धा कोयता. आजारी पडलात तर खाडा, आणि खाड्याला मजुरी तर नाहीच, उलट दंड. सांगलीला जा, कोल्हापूरला जा, कर्नाटकात जा. फडाच्या कडेला कोपी, म्हणजे झोपडी, बांधा. पहाटे उठा, तोडा, पाचट काढा, मोळी बांधा, ती डोक्यावर घेऊन हलत्या फळीवरून ट्रॉलीत चढा. दुपारी बायकोला वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्यासाठी विकायला पाठवा, मिठामिरचीचं सुटतं. थंडीत पोरगं तिथेच पाचटावर झोपतं.

आणि मग जरा मान वर करून बघा. शेजारच्या फडाला पाट सोडलेला असतो. पाणी भरभरून चाललेलं असतं. तुमच्या घरी हंडाभर पाण्यासाठी रात्री नंबर लावलेला आणि इथे बारा-बारा, अठरा-अठरा महिने एका पिकाला पाणी. एक किलो साखरेमागे दोन हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं, हा हिशेब सरकारच्याच कृषी मूल्य आयोगाने मांडलेला आहे. राज्याच्या लागवडीतल्या थोड्याशाच जमिनीवर ऊस आणि सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून कितीतरी जास्त वाटा त्याचा. हे तिकडचंच झालं असं समजू नका. आपल्या मराठवाड्यात, जिथे टँकर फिरतात तिथेच, कारखान्यांच्या चिमण्या उभ्या आहेत. पाणी नाही म्हणून माणूस गाव सोडतो, आणि ज्या पिकाने पाणी प्यालं त्याच पिकाची मुळं छाटायला जातो. वर म्हणतात, सीझनला रोजगार मिळतो ना!

२०१६ ची लातूरची गाडी आठवते? मांजरा धरण कोरडं, मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. शहर चार लाखांच्या घरात. माणशी सव्वा लिटर. सबंध देशाने कौतुकाने पाहिलं. मला तेव्हा एवढंच वाटलं होतं की मिरजेच्या वाटेने दर वर्षी आमची माणसं जातात ऊस तोडायला, त्यांच्यासाठी कधी कुणी वाघीण जोडली नाही. ट्रकात, सामानावर, शेळीच्या बाजूला बसून जातात. पाणी रेल्वेने आलं, त्याचे फोटो निघाले. माणसं गेली त्यांची नोंदही धड कुठे नाही.

आणि बायकांचं काय सांगू? कोपीला ना मोरी ना संडास, पिण्याचं पाणी मागायचं ते मालकाच्या मर्जीने. पाळीत खाडा पडतो म्हणून, दुखणं परवडत नाही म्हणून, बीडच्या पोरींनी तिशी गाठायच्या आधी पिशव्या काढून घेतल्या. पिशवी म्हणतात, गर्भाशय म्हणायची पण पद्धत नाही. २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं, समिती नेमली, अहवाल आला. पुढच्या दिवाळीला त्याच बायका त्याच ट्रकात. मला इथे विनोद करायचा होता. जमत नाही.

असो. पुढच्या सूचना.

म्हातारी माणसं गावातच ठेवावीत. त्यांना पाणी कमी लागतं.

पोरांची शाळा सोडवताना दाखला आणू नका, परत यायचंच आहे.

हिवरे बाजारला चुकूनही जाऊ नका. तिथे १९८९ पासून एका सरपंचाच्या नादी लागून गावाने शेतीसाठी बोअर बंद केले, उसाला नाही म्हटलं, दर वर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, आणि पुण्या-मुंबईला गेलेली कुटुंबं परत गावात आली. असलं काही आपल्या गावात झालं तर मुकादमाने कुणाकडे चहा प्यायचा?

आता शहरात कसं राहायचं ते सांगतो. कोपीतून इथे यायचं तर सीझन संपल्यावर, पाडव्याच्या सुमारास या. बिगारीचं काम मिळतं. आमच्या भागातल्या सगळ्या बिल्डिंगी तुम्हीच उभ्या केल्यात, तिथे क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट भिजवायला, तुम्ही हवं तेवढं पाणी वापरू शकता. बारा माळे भिजवा, कुणी फोटो काढणार नाही. फक्त ते पिऊ नका.

हंडा आणू नका. हंडा दिसला की इथल्या लोकांना गाव आठवतं आणि ते बिथरतात. बाटली आणा, निळ्या झाकणाची. तीच बाटली नळाला लावलीत तर ती हेल्दी सवय. डोक्यावर चुंबळ ठेवू नका, कानात इयरफोन ठेवा. आणि पाणी हवंच असेल तर एक गाडी घ्या. आमच्याकडे रविवारी सकाळी प्रेशर पंप लावून गाड्या धुतात. बी विंगमधले एक गृहस्थ टायरच्या खाचांत अडकलेली माती त्या पंपाने काढतात, एकेक खाच, वीस मिनिटं, पाणी उतारावरून थेट गेटपर्यंत येतं. ते पाणी वॉचमनच्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबतं. त्यावर आजवर सभा झालेली नाही. रविवारी सभेत “पाणी ही राष्ट्रीय संपत्ती आहे” असं म्हणाले ते हेच गृहस्थ. त्यांच्या चपला ओल्या होत्या.

आणखी एक गंमत आहे. आमच्या सोसायटीलाही पाणी नाही! महापालिकेचं येतं ते तोंड धुण्यापुरतं, बाकी उन्हाळ्यात दिवसाला आठ-दहा टँकर. बिल्डरने ब्रोशरमध्ये धबधबा छापला होता. टँकरचा ड्रायव्हर माझ्याशी बोलतो, तो आष्टीचा निघाला. पाणी कुठून आणतोस विचारलं तर म्हणाला, पलीकडच्या गावातल्या विहिरीवरून, मालकाने शेती बंद केलीय, पाणीच विकतो, गावातली दोन घरं आत्ताच हापशावरून पाणी आणायला लागलीत. म्हणजे आम्ही एक गाव पितोय, आणि ते आटलं की तिथली माणसं हंडे घेऊन कुठे येणार ते तुम्हीच सांगा.

तर सभेत काय ठरलं? नळाला कुलूप. पार्किंगच्या नळाला पत्र्याची पेटी बसवली, वर पितळी कुलूप. मामांना सांगितलं, पाहुण्यांना रविवारपर्यंत हलवा. मामा ‘हो साहेब’ म्हणाले. ती बाई आता पहाटे पाच वाजता रस्त्यापलीकडच्या बांधकामावर जाते, तिथल्या क्युरिंगच्या टाकीतून भरते. मी काल बाल्कनीतून पाहिलं, दोन हंडे एकावर एक, काखेत कळशी, आणि डंपर जाईपर्यंत दुभाजकावर थांबलेली. गावात दोन किलोमीटर चालायची, म्हणाली. इथे जवळ आहे, म्हणाली. हे ती माझ्या बायकोला सांगत होती, समाधानाने.

लाज वाटत नाही? तीन हंडे म्हणजे पंचेचाळीस-पन्नास लिटर. आपल्या एका फ्लशला किती जातं माहीत आहे? पुण्याचं पाणी म्हणजे तरी कुणाचं? खडकवासला साखळीच्या चार धरणांत गेलेली गावं कुणाच्या बापाची होती? पानशेत-वरसगावच्या लोकांनी घरं सोडली तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं, तुम्ही अधिकृत की अनधिकृत. तीस-चाळीस वर्षांपूर्वी तुमचेही आई-बाप कुठून तरी ट्रंक घेऊनच उतरले ना स्वारगेटला? कुणाच्या तरी नळावर भरलंच ना पाणी?

आणि तुम्हीही, तात्या. नववा बोअर घेताना आण्णांना विचारलं असतंत, दोघांनी मिळून एका विहिरीचा गाळ काढला असता, तर आज तुमचा पोरगा पुण्यात असली पत्रं लिहीत बसला नसता. दहावा घेताय असं कळलं. घेऊ नका.

मी सभेत काय बोललो ते विचाराल. काही नाही. वेफर्स खाल्ले. सह्या घेतल्या तेव्हा सही केली, मेंटेनन्स थकलाय म्हणून.

सेक्रेटरीसाहेब, चावी तुमच्या देवघरापाशी खिळ्याला टांगलेली आहे, मी पाहिली आहे. काढा ते कुलूप. आज संध्याकाळी काढा, ती पहाटे पाचला पुन्हा रस्ता ओलांडायच्या आत.