‘सेन्ना’ बघून प्रोस्टला शिव्या घालणाऱ्यांसाठी

बेळगावच्या उद्यमबागेपासून निपाणी-खानापूरपर्यंत सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. फॉर्म्युला वन मोटारशर्यतींतला ब्राझीलचा चालक आयर्टन सेन्ना याच्यावरच्या, आसिफ कपाडियांच्या ‘सेन्ना’ (२०१०) या माहितीपटाबद्दलचा. म्हणणं असं: फुटेज अस्सल आहे म्हणजे हा निव्वळ इतिहास, १९८९चं जगज्जेतेपद त्याचा प्रतिस्पर्धी, खलनायक अ‍ॅलन प्रोस्टने चोरलं, आणि सेन्नाने कधी कुणाला मुद्दाम धडक दिली नाही.

फुटेज अस्सल आहे, मान्य. कॅमेऱ्यासमोर बसून बोलणारे तज्ज्ञही नाहीत. पण १ नोव्हेंबरला बेळगावात राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि काळ्या दिनाची फेरीही. फोटो दोन्हींचे खरेच असतात. पहिल्या पानावर कुठला घ्यायचा ते संपादक ठरवतो. कपाडिया सेन्नाच्या बाजूने उभे राहिले, खुशाल राहावं. सिनेमा त्यामुळेच इतका भिडतो. फक्त त्याला पंचनामा समजू नका.

आता १९८९. जपानमधल्या सुझुकाच्या शर्यतीला येताना प्रोस्टचे ७६ गुण, सेन्नाचे ६०. विजयाला ९ गुण, शर्यती उरलेल्या दोन. म्हणजे सेन्नाला दोन्ही जिंकणं भाग होतं. सुझुकात दोघांची टक्कर झाली, प्रोस्ट गाडीतून उतरला, सेन्ना मात्र पुन्हा निघाला आणि पहिला आला. एस्केप रोडवरून (ट्रॅकबाहेर गेलेल्या गाड्यांसाठीच्या बाजूच्या रस्त्यावरून) ट्रॅकवर परतल्याबद्दल त्याला बाद केलं. हा निर्णय कडक होता, आणि शर्यतींचं नियमन करणाऱ्या फिसा या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष बालेस्त्र (प्रोस्टसारखेच फ्रेंच) यांच्याबद्दल कुणाला संशय आला तर मी वाद घालणार नाही. पण सुझुकाचा विजय टिकला असता तरी पुढे ॲडलेडच्या शेवटच्या शर्यतीत भर पावसात सेन्ना ब्रंडल या दुसऱ्या चालकाच्या गाडीवर मागून आदळला आणि शर्यतीबाहेर गेला. तिथले ९ गुण कुठून आणणार?

प्रोस्ट खलनायक? सेन्नाच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता, नंतर सेन्नाच्या नावाच्या संस्थेचा विश्वस्तही झाला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला दिसत नाही.

राहिली मुद्दाम धडक. १९९०, पुन्हा सुझुका. प्रोस्टला गुण मिळाले नाहीत तर विजेतेपद सेन्नाचं, असं गणित. पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची सर्वांत पुढची जागा, सेन्नाची, पण ती ट्रॅकच्या धुळीच्या बाजूला, याचा त्याला राग. प्रोस्टची फेरारी सुरुवातीलाच पुढे गेली, पहिल्याच वळणावर सेन्नाने गाडी घुसवली, दोघेही बाहेर. त्याच्या रागामागचं कारण मला पटतं. तेवढ्या वेगात दुसऱ्याच्या अंगावर गाडी घालणं पटत नाही. आणि हे मुद्दाम केल्याचं १९९१मध्ये, तिसरं विजेतेपद मिळाल्यावर, पत्रकारांसमोर सेन्नानेच कबूल केलं. चाहत्यांनी निदान त्याचं तरी ऐकावं.