जठरातलं ॲसिड आणि चमचाभर सोडा: त्या मेसेजला उत्तर

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जठरातलं ॲसिड आतलं अस्तर जाळतं आणि त्यातून अल्सर होतो, तिखट खाल्लं, उपाशी राहिलं की ते भडकतं, म्हणून रोज सकाळी अनशापोटी चमचाभर खाण्याचा सोडा पाण्यातून घ्या, नाहीतर अल्कलाइन पाणी प्या. मी नौपाड्यात औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. हा मेसेज दाखवून सोडा मागणाऱ्यांत बीपीच्या गोळ्या चालू असलेली माणसंही दिसू लागली, म्हणून हे लिहिते आहे.

ॲसिड अस्तर जाळतं, इथपासून सुरुवात करू. उपाशीपोटी जठरातला पीएच साधारण १.५ ते २ असतो (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र, ७ म्हणजे ना आम्ल ना अल्कली). इतक्या तीव्र आम्लात मांस पचतं, पण निरोगी जठर पचत नाही, कारण त्याच्या अस्तरावर म्युसिन नावाच्या प्रथिनांचा थर असतो. या प्रथिनांच्या लांब कण्याला साखरेच्या असंख्य साखळ्या चिकटलेल्या असतात आणि त्या पाणी धरून ठेवतात. भिजवलेल्या सब्जाच्या दाण्याभोवती जो बुळबुळीत थर येतो, तसाच हा. जाडी मिलिमीटरपेक्षाही कितीतरी कमी. खालच्या पेशी त्यात बायकार्बोनेट हा आम्ल मारणारा क्षार सोडत राहतात, त्यामुळे वरच्या बाजूला पीएच २ असला तरी पेशींना लागून तो ७ च्या जवळपास राहतो. जेवण लांबलं म्हणून काही हा थर नाहीसा होत नाही.

मेसेज लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊकच नाही अशी गोष्ट पुढे आहे. जठरातलं म्युसिन आम्लातच घट्ट होतं. पीएच ४ च्या वर गेला की ते सैल, पातळ व्हायला लागतं. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू नेमका याचाच फायदा घेतो. तो युरियापासून अमोनिया तयार करतो, आपल्याभोवतीचं आम्ल निष्प्रभ करतो आणि पातळ झालेल्या थरातून पोहत पेशींपर्यंत जातो. चमचाभर सोड्याने हा जंतू वाढतो असं मी म्हणत नाही. पण आम्ल म्हणजे निव्वळ विष, ही समजूत इथेच कोसळते.

तिखटाबद्दल फार लिहायला नको. मामलेदार कचेरीजवळची झणझणीत मिसळ खाऊन जळजळ होऊ शकते, अल्सर नाही. अल्सरचं एक मोठं कारण म्हणजे वर सांगितलेला हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये हाच जंतू प्रयोगशाळेत वाढवला. पुढे १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ चं नोबेल दोघांना या शोधासाठी मिळालं. आज श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीतून हा जंतू सापडतो आणि अँटिबायोटिक्सचा पूर्ण कोर्स घेतला की सहसा जातो. सोड्याने जात नाही.

दुसरं मोठं कारण म्हणजे पेनकिलर. त्याचा या मेसेजमध्ये शब्दसुद्धा नाही, याचा मला खरा राग आहे. म्युसिन आणि बायकार्बोनेट किती सोडायचं, अस्तराला रक्त किती पुरवायचं, हे प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातलीच रसायनं ठरवतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन त्यांचंच उत्पादन रोखतात. कोपरीहून येणाऱ्या एक काकू गुडघ्यांसाठी रोज डायक्लोफेनॅक घेतात. चिठ्ठी इतकी जुनी की घड्यांवर फाटलेली. परवा त्यांनी सोडाही मागितला. गोळी गुडघ्याची आणि जळजळ पोटाची, त्यामुळे दोन्हींचा संबंध त्यांच्या ध्यानातच आला नव्हता. मी दोन्ही दिलं नाही, आधी डॉक्टरांकडे जा म्हटलं. मात्र हृदयासाठी लिहून दिलेली ॲस्पिरिन कुणीही आपल्या मनाने बंद करू नये.

थर एकदा फाटला की ॲसिड आणि पेप्सिन (जठरातलं प्रथिनं पचवणारं एंझाइम) जखम खोल करतात, हे खरंच आहे. म्हणून तर ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्यांनी अल्सर भरतो. पण थर फाटला कशाने, हे शोधलं नाही तर तो पुन्हा होतो.

आता उपाय. सोडा आणि आम्ल मिळून मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो. ढेकर येते, बरं वाटतं. पण त्या एका चमच्यात १२०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसभरात २००० ची आहे. बीपी किंवा किडनीचा त्रास असलेल्याने हे रोज घेणं धोक्याचं आहे. अल्कलाइन पाण्याचा हिशेब करून बघा: पीएच ९ च्या लिटरभर पाण्यातला अल्कलीपणा पीएच २ च्या एक मिलिलिटर आम्लाला जेमतेम पुरतो. विरघळलेल्या क्षारांनी थोडी भर पडते, एवढंच.

छातीतली जळजळ हा वेगळा प्रश्न आहे. अन्ननलिकेला जठरासारखा जाड थर नसतो, त्यामुळे नेहमीचंच आम्ल वर आलं तरी भाजतं. रात्री साडेनऊला लोकलमधून उतरायचं, दहाला जेवायचं आणि साडेदहाला आडवं व्हायचं, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवले तर बऱ्याच जणांना फरक पडतो.

छातीतल्या त्रासाबरोबर घाम, दम, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर पित्त समजून थांबू नका, थेट हॉस्पिटलात जाऊन ईसीजी काढा. काळी चिकट शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, यांतलं काहीही दिसलं तर दुर्बिणीची तपासणी लागेल का हे डॉक्टरांना विचारा. रक्ताची उलटी किंवा काळी शौच असेल तर त्याच दिवशी.