१२७५ बसवलं की मिनी दिवसभर १२० ला पळते म्हणे!

जुन्या छोट्या गाड्यांच्या नादी लागलेल्या मंडळींत सध्या क्लासिक मिनी या जुन्या ब्रिटिश छोट्या गाडीबद्दल एक मजकूर जोरात फिरतोय. थोडक्यात तो असा: "क्लासिक मिनीतलं मूळचं ८४८ किंवा ९९८ सीसीचं इंजिन काढा, १२७५ बसवा, आणि महामार्गावर दिवसभर ताशी १२० ने आरामात चालवा. इंजिन मोठं म्हणून ताण कमी. टॉप स्पीड १५० च्या आसपास, म्हणजे १२० ला गाडी निवांत. लाल रेषा साडेसहा हजारांवर, तिथवर आपण जातच नाही. तापमानाचा काटा मधोमध. पुढे डिस्क ब्रेक. आणि याच गाडीने मोंटे कार्लो रॅली जिंकली, अजून काय पुरावा हवा?" खाली "मी स्वतः मीटरवर १२० पाहिलंय" अशा साक्षींची रांग.

ती १२० गाठते यावर माझा वाद नाही. त्या वेगाला तिला तासन्‌तास ठेवणं हे वेगळं प्रकरण आहे, आणि त्याचं उत्तर सीसीत शोधून सापडत नाही. ते फायनल ड्राइव्हच्या, म्हणजे गिअरबॉक्सनंतर चाकांकडे शक्ती नेणाऱ्या शेवटच्या दातेरी जोडीच्या, दात्यांत आहे.

पहिला मुद्दा हाच घेतो, कारण बाकीचे सगळे याच्याच पोटातून निघतात. "इंजिन मोठं म्हणून ताण कमी." असं म्हणणाऱ्याच्या डोक्यात बहुधा असं असतं की मोठं इंजिन त्याच वेगाला कमी फेरे घेतं. तसं होत नाही. इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये दात्यांची साखळी आहे. टॉप गिअरला क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) किती वेळा फिरला की चाक एकदा फिरतं, हे ती साखळी ठरवते. वर ८४८ आहे की १२७५, याच्याशी तिला देणंघेणं नाही. त्यातून मिनीची रचना अशी की गिअरबॉक्स इंजिनाखाली, सम्पमध्येच (तेलाच्या तळटाकीत), आणि फायनल ड्राइव्हही त्याच घरात. खर्च वाचवायला बरेच जण जुन्या गिअरबॉक्सवरच मोठा ब्लॉक चढवतात. अशा गाडीत १०० ला जेवढे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) आधी होते, तेवढेच नंतरही राहतात. एकाचाही फरक पडत नाही.

आता आकडे बघा. १० इंची चाकांवर १४५/८० चा टायर धरला तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी साधारण १.४८ मीटर सरकते. १९५९ च्या मूळ ८५० मध्ये फायनल ड्राइव्ह ३.७६ होता (टॉप गिअरला क्रँकचे ३.७६ फेरे, तेव्हा चाकाचा एक), म्हणजे दर हजार आरपीएमला ताशी साडेतेवीस किलोमीटरच्या आसपास. पुढे मिनी १००० मध्ये ३.४४ आला, तिथे पावणेसव्वीसच्या जवळ. ३.१ ला साडेअठ्ठावीस, २.९५ ला तीस. आता १२० ला भागा. ३.७६ वर क्रँक मिनिटाला ५०८० च्या पुढे फिरतोय. ३.४४ वर ४६५०. ३.१ वर ४२००. २.९५ वर चार हजाराला जेमतेम कमी. आजची पाच किंवा सहा गिअरची साधारण गाडी याच वेगाला तीन हजारांच्या आगेमागे असते.

म्हणजे तेच १२७५, तेच ट्यूनिंग, तोच चालक; पण खाली कोणता फायनल ड्राइव्ह आहे यावर एकच १२० चार हजारांचा होतो किंवा पाच हजारांचा. फिरणाऱ्या मजकुरात या गुणोत्तराचा उल्लेखही नाही. तो वाचून कुणी ३.७६ च्या डब्यावर (गिअरबॉक्सवर) १२७५ चढवलं आणि महामार्गाला लागला, तर पहिल्या अर्ध्या तासातच त्याला कळेल की सोबतच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागतंय. ४६५० आरपीएमला चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ९,३०० स्फोट करतं. त्यात इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे शक्ती नेणाऱ्या दातेरी चाकांची ती ओळखीची किणकिण, आणि मधलं अस्तर? एक पातळ पत्रा आणि थोडा फेल्ट. थकवा इथूनच सुरू होतो, पायातून किंवा पाठीतून नंतर.

"लाल रेषा साडेसहा हजारांवर." हा मुद्दा ऐकायला भारी आहे, पण दिसतो तितका साधा नाही. ८४८ चा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ६८.३ मिलिमीटर, १२७५ चा ८१.३. आरपीएम तेवढेच असले तरी १२७५ च्या पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात जास्त अंतर कापावं लागतं. ४६५० ला हिशेब केला तर ८४८ मध्ये पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १०.६ मीटर येतो, १२७५ मध्ये १२.६. जवळजवळ १९ टक्के जास्त. मोठं इंजिन "निवांत" असतं म्हणणाऱ्यांनी हे एकदा कागदावर मांडून बघावं. १२.६ ला काही फुटत नाही, चांगलं बांधलेलं ए-सिरीज (मिनीच्या या सगळ्या इंजिनांचं घराणं) ते सहज सोसतं. पण हे १९५१ साली ८०३ सीसीचं म्हणून जन्माला आलेलं इंजिन आहे. क्रँकला तीनच मेन बेअरिंग. मधल्या दोन सिलिंडरना एक्झॉस्टचं भोक एकच, त्यामुळे हेडचा मधला भाग कायम जास्त तापलेला. लाल रेषा सांगते की अमुकच्या वर जाऊ नका. तिच्या खाली दोन हजारांवर तास न्‌ तास राहिल्याने काय होतं, याबद्दल ती काहीच बोलत नाही.

इथेच कॅमचंही (व्हॉल्व्ह कधी उघडायचे ते ठरवणाऱ्या दांड्याचं) बोलून घेतो. १२७५ बसवणारे बहुतेक जण थांबत नाहीत. तिखट कॅम, मोठा कार्ब्युरेटर, मोकळा सायलेन्सर, सगळं एका दमात. तिखट कॅम ताकद वरच्या आरपीएमला सरकवतो. मग तीन-सव्वातीन हजारांवर गाडी धक्के खाते, आणि मालक छाती फुगवून सांगतो की "साडेचारच्या वर कशी खुलते बघ". अहो, खुलणारच, तुम्ही तिला तशीच बनवलीत. महामार्गावर एका लयीत जायचं असेल तर नेमकं उलटं हवं: साधा कॅम, आणि डिस्ट्रिब्युटरवरचा (ठिणगी वाटणाऱ्या भागावरचा) व्हॅक्युम ॲडव्हान्स जागेवर. रेसच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये तो नसतो. अर्ध्या थ्रॉटलला एका वेगाने जाताना ठिणगी लवकर पडली नाही तर पेट्रोलही जास्त जळतं आणि उष्णताही जास्त सुटते.

"टॉप स्पीड १५०, म्हणून १२० ला निवांत." याला अर्धे गुण देतो. हवेला कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणून टॉप स्पीडच्या ८० टक्क्यांना इंजिनाला निम्म्याहून थोडीच जास्त ताकद काढावी लागते. इंजिनाच्या दमापुरतं बोलायचं तर दावा खरा. ढोबळ हिशेबाने मिनीला सपाट रस्त्यावर १०० ला सोळा-सतरा अश्वशक्ती पुरते, १२० ला पंचवीसच्या पुढे. मिनीच्या वेगवान आवृत्तीची, १२७५ कूपर एस ची, अश्वशक्ती ७६. दम भरपूर आहे. पण दम आणि आराम यांचा संबंध किती तुटक असतो, ते फोक्सवॅगन बीटलने कधीच दाखवून दिलंय. तिचं ११३१ सीसीचं सुरुवातीचं इंजिन जेमतेम २५ अश्वशक्तीचं, तीही ३३०० आरपीएमला. टॉप स्पीड १०० च्या थोडा वर. आणि त्या वेगाला ती तासन्‌तास चालायची. कमाल वेग आणि कायम ठेवायचा वेग एकच, असं कंपनी स्वतः छापायची. जर्मनीच्या ऑटोबानवर १०० सतत टिकला पाहिजे ही आरेखनाची अटच होती, म्हणून इंजिनाचा श्वास मुद्दाम कोंडलेला आणि गिअरिंग लांब ठेवलेलं. तिथे शंभर टक्के टॉप स्पीडला निवांत, आणि मिनीत ८० टक्क्यांना कान बधिर. टक्केवारी काढून काय मिळालं?

"तापमानाचा काटा मधोमध असतो." तो काटा पाण्याचा आहे. मिनीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकच तेल पितात, आणि लांबच्या पल्ल्यात जास्त चिंता त्या तेलाची. गिअरचे दाते ते सतत चिरडत असतात, वर इंजिनाची उष्णता. पाणी ८५ वर स्थिर असतानाही तेल चढतच राहू शकतं, आणि तेलाच्या तापमानाचा मीटर बहुतेक गाड्यांत नसतोच. गाडी रस्त्यावरून उतरवून थांबलात आणि रिकाम्या फेऱ्यांवर तेलाच्या दाबाचा काटा सकाळच्या मानाने चांगलाच खाली बसलेला दिसला, तर तेल पातळ झालंय. पाण्याचा काटा तेव्हाही मधोमधच असेल. कूपर एस ला १९६६ पासून ऑइल कूलर मूळचाच यायला लागला, तो शोभेला नव्हता.

पाण्याचंही सरळ नाही. मिनीचा रेडिएटर समोर नसून इंजिनाच्या बाजूला, चाकाच्या कमानीकडे तोंड करून. समोरची हवा थेट त्यावर येत नाही, पंखाच ती ढकलतो. कारखान्याने रेडिएटर पुढे आणला १९९६ मध्ये, म्हणजे गाडी बंद होण्याच्या चार वर्षं आधी. बीटलवाल्यांनी यात हसू नये. त्यांच्याकडे मोठं इंजिन चढवलं की हवेची वाट तीच राहते. १९७० च्या आसपासपर्यंत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणात तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेतच उभा असायचा. त्या सिलिंडरला आधीच तापलेली हवा मिळायची, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायचा तो तिथलाच.

ब्रेकचं थोडक्यात. १०० वरून १२० ला गेलात की गाडीतली ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. मूळच्या सात इंची ड्रमच्या जागी डिस्क आल्या हे चांगलंच झालं, पण कोणत्या? सुरुवातीच्या कूपरच्या डिस्क सात इंची होत्या, एस च्या साडेसात, आणि १९८४ पासून १२ इंची चाकांसोबत ८.४ इंची. "डिस्क लावल्या" एवढ्यावरून काही कळत नाही. टायरवर छापलेला आठवडा-वर्षाचा चार आकडी शिक्काही पाहा. १० इंची चाक १२० ला मिनिटाला साडेतेराशे वेळा फिरतं, आजच्या साधारण गाडीच्या चाकापेक्षा अंदाजे ३० टक्के जास्त, आणि दहा वर्षं पडून कडक झालेल्या रबराला हे झेपत नाही.

मोंटे कार्लोची गोष्ट मला अतिशय प्रिय आहे, पण इथे ती गैरलागू आहे. १९६४ ला पॅडी हॉपकर्क, १९६५ ला टिमो मॅकिनेन, १९६७ ला राउनो आल्टोनेन. तिन्ही विजय खरे. ते मिळाले बर्फाच्या वळणांवर, घाटांत, सेकंद वाचवून. रॅलीच्या गाडीला गिअरिंग आखूड हवं असतं, म्हणजे वळणातून बाहेर पडताना ती झेपावते. महामार्गाच्या गाडीला हवं ते याच्या बरोबर विरुद्ध. शिवाय त्या इंजिनांच्या पाठीशी कारखान्याची अख्खी टोळी उभी होती. तुमच्यामागे कोण आहे?

मग १२७५ बसवूच नये का? अवश्य बसवावं. ८४८ चा टॉर्क ६० न्यूटन मीटरच्या आसपास, १२७५ एस चा १०७. चढावर गिअर न उतरवता जाता येतं, चार माणसं बसली तरी गाडी रडत नाही, ओव्हरटेक करताना पोटात गोळा येत नाही. आणि सर्वात मोठा फायदा हा की एवढा टॉर्क लांब फायनल ड्राइव्ह ओढू शकतो. ८४८ वर २.९५ लावलात तर पहिल्या चढाला टॉप गिअर सोडावा लागेल. १२७५ त्याला खेचून नेतं. खर्चात तडजोड करायचीच असेल तर कॅम आणि कार्ब्युरेटरचे पैसे आधी तिथे घाला. कारखान्यानेही शेवटी तेच केलं. १९९६ नंतरच्या इंजेक्शनवाल्या १२७५ ला २.७६ दिला. १२ इंची चाकांवर ती हजार आरपीएमला ताशी ३३-३४ किलोमीटर कापते, म्हणजे १२० ला साडेतीन हजारांच्या थोडं वर.

माझं मत विचाराल तर १० इंची चाकं आणि ३.७६ असेल तर ८० ते ९०, मग वर कुठलंही इंजिन असो. ३.४४ ला ९५ ते १००. ३.१ किंवा २.९५ असेल, ऑइल कूलर असेल आणि कॅम सौम्य असेल, तर १०५ ते ११० ला गाडी खरोखर मजेत जाते. ट्रकच्या शेजारून जाताना हवेचा झोत या २.०३ मीटर व्हीलबेसच्या गाडीला अर्धा फूट सरकवतो, तेव्हा तेवढा वेग पुरेसा वाटतो.

राहिले मीटरवर १२० पाहिलेले साक्षीदार. मिनीत स्पीडोमीटरची केबल फायनल ड्राइव्हच्या आधीच, गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून निघते. फायनल ड्राइव्ह बदलला आणि मीटर तोच ठेवला, तर मीटर खोटं बोलतो. ३.४४ च्या मीटरखाली ३.७६ चा डबा आला, तर काटा १२० ला असताना गाडी ११० च्या आत असते. जुने मीटर मुळातच थोडं जास्त दाखवतात, तो भाग वेगळा. उलट ३.१ लावला असेल तर १०० दिसताना गाडी ११० ला असते, आणि ते जास्त धोक्याचं. अनेक मीटरच्या तबकडीवर खाली बारीक अक्षरात १२८० किंवा १३७६ असा आकडा असतो. मैलाला केबलचे किती फेरे, ते तो सांगतो. तो आपल्या फायनल ड्राइव्हशी आणि टायरशी जुळतो का ते पाहा, नाहीतर फोनवरचा जीपीएस लावून सपाट रस्त्यावर एकदा ताडून घ्या. सोबत आरपीएमचा आकडाही टिपून ठेवा. मग १२० चं बोलू.