चिरंजीव अमेरिकेस निघाले असता पालकांनी घ्यावयाची काळजी

बॅगेचे वजन तेवीस किलोंच्या आत बसले, गोडा मसाला आणि मेतकूट कपड्यांच्या घड्यांत दडवून झाले, सूरसागरच्या महादेवाला नमस्कार घडला, की पालकांचे कर्तव्य संपले असे समजावे. कर आणि कपाती या विषयांवर चिरंजिवांशी चुकूनही बोलू नये. बडोद्यातील मराठी घरांत वडील-मुलांमध्ये जे विषय निघत नाहीत त्यांत पैशाचा क्रमांक दुसरा लागतो. पहिला कोणता, हेही बोलले जात नाही.

निघण्यापूर्वी एक गोष्ट मात्र आवर्जून करावी. घरातील प्रत्येक खात्यावर चिरंजिवांचे नाव चढवावे. आजीच्या मुदत ठेवीवर, आईच्या बचत खात्यावर, वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांच्या खात्यावर. वेळ असल्यास दांडिया बाजारातील आत्याच्या खात्यावरही. उद्या आमचे काही बरेवाईट झाले तर पोराला धावपळ नको, हा हेतू इतका निर्मळ असतो की त्यावर शंका घेणे पाप आहे. माझ्या समोर आत्ता असेच एक पासबुक आहे. प्लास्टिकचे कव्हर पिवळे पडलेले, रबरबँड दोनदा गुंडाळलेला, आत विजेचे एक जुने बिल, आणि पहिल्या पानावर मातोश्रींच्या नावाखाली चिरंजिवांचे नाव व पुढे ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ हे शब्द, ज्यांचा अर्थ मातोश्रींना कोणी सांगितलेला नाही आणि चिरंजिवांनी विचारलेला नाही.

आता अमेरिकेचा नियम असा की तेथील करदात्याचे नाव वा सहीचा अधिकार असलेल्या सर्व परदेशी खात्यांतील रकमेची बेरीज वर्षातून एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी त्याने प्रत्येक खात्याचा क्रमांक आणि वर्षातील कमाल शिल्लक तेथील अर्थखात्याला कळवावी लागते. पैसा आजीचा असला तरी नाव नातवाचे आहे. वडिलांची ग्रॅच्युइटी सोमवारी जमा होऊन मंगळवारी ठेवीत गेली तरी तो सोमवार मोजला जातो. या कळवण्याला कर एक पैचाही पडत नाही. नुसते सांगायचे असते. पण सांगणे हेच तर आपल्याला जड जाते, त्यामुळे सांगू नये. अनवधानाने राहून गेले तरी कायद्याने मुळात १०,००० डॉलरपर्यंतचा दंड ठेवला आहे आणि तो महागाईबरोबर वाढत असतो, एवढेच.

‘इथले तिथे कळणार कसे?’ हा प्रश्न कट्ट्यावरचे काका विचारतील, तेव्हा मान डोलवावी. भारत आणि अमेरिका यांच्यात २०१५ साली करार झाला असून अमेरिकी करदात्यांच्या खात्यांची माहिती आपल्या बँका रीतसर पुढे पाठवतात, हे काकांना सांगून त्यांचा हिरमोड करू नये. बँकेतून ‘आपण भारताबाहेरील कोणत्या देशात करदाते आहात काय?’ असा छापील फॉर्म आला की मातोश्रींनी चिरंजिवांच्या वतीने ‘नाही’वर खूण करावी आणि सहीही, शक्य तर, त्याच्याच वळणाची करावी. तसेच त्याचे जुने बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचे, करून घ्यावयाचे असते, ही बाब तो दिवाळीला येईल तेव्हासाठी राखून ठेवावी. कोणत्या दिवाळीला, ते सांगू नये.

चिरंजीव अमेरिकेचे करदाते नेमके केव्हा होतात, हा प्रश्न थोडा गणिती आहे. विद्यार्थी म्हणून गेले असतील तर पहिली पाच कॅलेंडर वर्षे सहसा मोजली जात नाहीत. त्यानंतर किंवा नोकरीच्या व्हिसावर गेल्यास चालू वर्षातील सगळे दिवस, गेल्या वर्षातील दिवसांचा एक तृतीयांश आणि त्यामागील वर्षातील दिवसांचा एक षष्ठांश यांची बेरीज १८३ भरली, आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस मुक्काम झाला, की ते करापुरते रहिवासी ठरतात. ज्या घरात एकादश्या आणि प्रदोष बोटांवर मोजणारी आजी आहे, त्या घराने हे काम तिच्याकडे सोपवावे, सी.ए.पेक्षा चूक कमी होईल. रहिवासी झाल्यावर जगभरातील उत्पन्न तेथे दाखवावे लागते. पीपीएफचे व्याज इथे करमुक्त आहे, तेव्हा तेथेही असणारच, ही श्रद्धा मात्र अढळ ठेवावी.

खरी मौज पहिल्या पगारपत्रकापासून सुरू होते. चिरंजीव ते अभिमानाने कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकतात, आणि झोपाळ्यावर बसलेले काका चष्मा कपाळावर चढवून दोन बोटांनी ते मोठे करतात. आयकर त्यांना समजतो; इथेही जातो. अडते ते ‘ओएएसडीआय’ या शब्दापाशी. वार्धक्य, वारस आणि अपंगत्व यांच्या विम्यासाठी पगारातून ६.२ टक्के आणि मेडिकेअर या वैद्यकीय योजनेसाठी १.४५ टक्के कापले जातात, आणि तेवढेच मालक भरतो. वर्षाला एक लाख डॉलर पगार असलेल्या मुलाचे ७,६५० डॉलर गेले, हे कळल्यावर काका झोपाळा पायाने थांबवतात. सव्विसाव्या वर्षी म्हातारपण कापून घेतात, म्हणतात.

काकांना पुढचे सांगावे की नाही, हे त्यांचा रक्तदाब पाहून ठरवावे. निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यासाठी तेथील कमाईवर मिळणारे ४० श्रेयांक लागतात, वर्षाला फार तर चार मिळतात, म्हणजे दहा वर्षे झाली. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची साधारण मुदत सहा वर्षे. सहा चोक चोवीस. चोवीस श्रेयांक घेऊन मुलगा बडोद्यास परतला तर त्याच लाखाच्या पगारावर सहा वर्षांत कापलेले त्याचे वार्धक्यापोटीचे ३७,२०० आणि मालकाचे तेवढेच डॉलर तेथील म्हाताऱ्यांच्या कल्याणार्थ राहतात. यावर एक उपाय मात्र आहे. ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोचला की व्हिसा सहा वर्षांपुढेही वाढत राहतो आणि भारतीयांची रांग इतकी लांब आहे की तिच्यात नुसते उभे राहूनच अनेकांचे चाळीस श्रेयांक पुरे होतात. तेव्हा रांग पुढे सरकत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या मुलास आवरावे.

दहा वर्षांच्या अटीची या शहराला नवलाई वाटण्याचे तसे कारण नाही. १९१३ साली सयाजीरावांनी आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात धाडले, तेव्हा परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला होता. ते कराराप्रमाणे परतले. या शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही. कोणी कोणाचे किती बुडवले याचा हिशेब मांडायला बसलो तर सुरुवात न्यूयॉर्कपासून करता येणार नाही, म्हणून तो मांडू नये.

त्याऐवजी सरकारला दोष द्यावा. जर्मनी, फ्रान्स, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांशी भारताचे सामाजिक सुरक्षेचे करार झालेले आहेत. इथल्या कंपनीने ठरावीक मुदतीसाठी पाठवलेला माणूस भविष्यनिर्वाह निधी संघटनेचा दाखला घेऊन गेला की तेथील कपातीतून सुटतो, आणि बहुतेक करारांनुसार दोन्हीकडील नोकरीची वर्षे हक्कासाठी एकत्र धरली जातात. अमेरिकेनेही १९७८ मध्ये इटलीपासून सुरुवात करून तीस देशांशी असे करार केले, आपल्याशी नाही. कारण विचारले तर कायद्यावर बोट ठेवतात. समोरच्या देशात सर्वसाधारणपणे लागू असलेली सामाजिक सुरक्षा व्यवस्था हवी आणि भारताची तर कामकरी लोकांतील लहानशा भागापर्यंतच पोचते, ही त्यांची जुनी सबब. हा निव्वळ अपमान आहे, असे काका म्हणतात, आणि काकांना या विषयातले कळते, कारण त्यांची मकरपुऱ्याच्या जी.आय.डी.सी. या औद्योगिक वसाहतीत कारखान्याची शेड आहे.

शेडमध्ये बत्तीस माणसे काम करतात. बिहारची आहेत, ओडिशाची आहेत, दोघे-तिघे दाहोदकडचे. मस्टरवर एकोणीस आहेत. विसावे नाव चढले की भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू होतो, आणि कामगाराच्या १२ टक्क्यांबरोबर मालकालाही १२ टक्के भरावे लागतात, म्हणून उरलेले तेरा जण काकूंच्या नावावरील दुसऱ्या फर्ममध्ये आहेत. ती फर्म त्याच शेडमध्ये, त्याच मशीनवर, रात्रपाळीला चालते. दोन्ही फर्म एकच धरता येतात हे काकांच्या सी.ए.ने त्यांना एकदा सांगितले होते. सी.ए. बदलला. ‘ही माणसे दोन वर्षांत गावी जाणार, त्यांचे पैसे कशाला अडकवायचे?’ असे काका विचारतात, आणि त्यांच्या आवाजात तीच खरीखुरी कळकळ असते जी पुतण्याच्या चोवीस श्रेयांकांबद्दल बोलताना असते.

तेव्हा वाचकहो, आपणही काकांप्रमाणे मंत्रिमहोदयांना पत्र लिहावे. परदेशात राबणाऱ्या आमच्या मुलांच्या घामाचा पैसा परक्या मुलखात अडकून पडतो, हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात यावे. पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पावती पासबुकात, विजेच्या बिलाशेजारी, जपून ठेवावी. टपाल कचेरीत दुपारी गर्दी असते, म्हणून शेडमधल्या विसाव्या माणसाला पाठवावे. मस्टरवर नसल्यामुळे त्याचा खाडा पडत नाही.